शिवणीचे काम आता कोण करणार? भाग शिवून स्वेटर करणाऱ्या हाताने एकसंध विणकाम शिकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पंचवीस वर्षे स्वेटर विणता आणि तेही नेहमीच्या रीतीने, म्हणजे खालच्या बॉर्डरपासून सुरुवात करून पाठ, पुढचा भाग आणि दोन्ही बाह्या वेगवेगळ्या विणून शेवटी शिवता. आता प्रथमच गोल सुईवर, गळ्यापासून खाली येणारा एकसंध रॅग्लान स्वेटर, म्हणजे ज्यात गळ्यापासून बगलेपर्यंत जाणाऱ्या चार तिरक्या रेषांवर अंग आणि बाह्या मिळतात तसा, विणलात. तो छातीला घट्ट झाला, बाह्या दंडापाशी ढगळ झाल्या आणि गळा पुढून कंठाला लागतो. यानंतर दोन रंगांची नक्षी असलेला, नळीसारखा गोल विणून मग पुढून कापून उघडायचा स्वेटर करायचे तुमच्या मनात आहे, पण विणलेल्या कापडाला कात्री लावायला हात धजत नाही. इतका सराव असूनही साधा रॅग्लान का फसला आणि पुढे कोणत्या क्रमाने जावे, हे तुम्ही विचारले आहे.

मी स्वतः भाग शिवण्याच्या पद्धतीतूनच एकसंध विणकामाकडे आले, आणि मलाही पहिले दोन स्वेटर उसवावे लागले. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. शिवण दोन भाग जोडते एवढेच तिचे काम नाही. ती खांद्यावर सगळ्या स्वेटरचे वजन पेलते, बगलेखाली कापड सरळ ठेवते, मुंढ्याला आकार देते आणि मापातली थोडीफार चूक पोटात घेते. शिवण काढून टाकली की ही सगळी कामे उघडी पडतात आणि प्रत्येक काम कुणाकडे तरी सोपवावे लागते. टाके घालणे, वाढवणे, कमी करणे हे तर तुमच्या बोटांना सवयीचेच आहे. अडचण आली ती शिवणीची कामे कुणालाच न सोपवल्यामुळे. तुमचे तिन्ही दोष मला तिथेच दिसतात.

छातीच्या घट्टपणापासून सुरुवात करते. सपाट विणताना एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट येते, तर गोल विणताना प्रत्येक फेरी सुलटच असते. बहुतेकांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा किंचित सैल पडतो आणि हे वर्षानुवर्षे विणणाऱ्यांच्या हातीही होते, किंबहुना सवय मुरल्यामुळे ते त्यांच्या लक्षात येत नाही. आपल्या सपाट कापडाची उलट बाजू उजेडात धरून पाहा. ओळींच्या जोड्या पडून मध्ये बारीक फटी दिसत असतील, तर तुमचा हात याच जातीचा आहे. गोल विणकामात ती सैल ओळ नाहीशी होते आणि कापड आवळते. समजा, सपाट तुकड्यात १० सेंमीमध्ये २२ टाके बसले आणि ९६ सेंमी घेरासाठी तुम्ही २११ टाके धरले. गोल विणताना तुमच्याच हाताने त्याच सुईवर १० सेंमीमध्ये २३ टाके बसले, तर तेवढ्याच टाक्यांचा घेर ९२ सेंमीपेक्षाही थोडा कमी भरतो. एका टाक्याच्या फरकाने चार सेंमी गेले, आणि ते भरून काढायला बाजूची शिवणही नाही.

म्हणून गोल स्वेटरसाठी नमुन्याचा तुकडाही गोल पद्धतीनेच विणला पाहिजे. त्यासाठी पूर्ण नळी विणण्याची गरज नाही. गोल सुईवर ४० ते ५० टाके घालावेत, एक ओळ सुलट विणावी आणि काम न उलटता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवावेत. लोकर तुकड्याच्या मागून सैल सोडून पुन्हा सुरुवातीच्या टाक्यापाशी आणावी आणि परत सुलट ओळ विणावी. मागचा धागा तुकड्याच्या रुंदीएवढा सैल असू द्या, नाहीतर कापड आक्रसेल आणि माप खोटे येईल. तुकडा निदान १५ सेंमी उंचीचा करावा आणि स्वेटर जसा धुणार तसाच धुऊन, आडवा पसरून, पूर्ण वाळल्यावरच मोजावा. कडेचे दोन-तीन टाके मोजू नयेत. टाक्यांइतक्याच ओळीही मोजाव्यात, कारण सपाट भाग विणताना आपण उंची टेपने पाहून थांबतो, परंतु वरून येणाऱ्या रॅग्लानमध्ये मुंढ्याची खोली फेऱ्यांच्या संख्येवरच ठरते.

आता बाह्यांकडे वळू. हा भाग मी आकड्यांनिशी मांडते, कारण येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. धरून चालू की गोल तुकड्यात १० सेंमीमध्ये २२ टाके आणि ३० फेऱ्या बसतात आणि तयार स्वेटरचा छातीचा घेर १०० सेंमी हवा आहे, म्हणजे २२० टाके. प्रत्येक बगलेखाली १० नवे टाके घालायचे आहेत, म्हणून बगलेपाशी बाह्यांचे टाके वेगळे करतेवेळी पाठीचे १०० आणि पुढचे १०० टाके तयार असले पाहिजेत. गळ्याला १०० टाके घातले आणि त्यांची वाटणी पाठीला ३८, पुढे ३८ आणि प्रत्येक बाहीला १२ अशी केली. रॅग्लानच्या रेषांवरचे टाके मी याच आकड्यांत धरले आहेत. पाठ ३८ वरून १०० वर न्यायची तर ६२ टाके वाढवायचे. एका वाढीच्या फेरीत पाठीला दोन टाके वाढतात, म्हणून अशा ३१ फेऱ्या लागतील. एकाआड एक फेरीत वाढ केली तर एकूण ६२ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ २१ सेंमी खोली. इथपर्यंत सगळे ठीक आहे.

चूक पुढे होते. चारही रेषांच्या दोन्ही अंगांना दर वेळी टाका वाढवत गेले की बाहीलाही तेच ६२ टाके मिळतात. १२ अधिक ६२ म्हणजे ७४, त्यात बगलेचे १० मिळवले की ८४, आणि ८४ टाके म्हणजे ३८ सेंमीचा दंड. ज्याच्या दंडाचा घेर ३० सेंमीच्या आसपास आहे, त्याला ही बाही ढगळ होणारच. साडेचौतीस सेंमी पुरेसे आहेत, म्हणजे ७६ टाके. त्यातले १० बगलेचे वजा केले की ६६ उरतात, आणि १२ वरून ६६ वर यायला २७ वाढी पुरतात. पाठीला व पुढच्या भागाला ३१ वाढी, बाहीला २७. उरलेल्या चार वेळी रेषेच्या फक्त पाठीच्या आणि पुढच्या अंगाला टाका वाढवायचा, बाहीच्या अंगाला नाही. या चार वेळा सलग घेतल्या तर रेषा तिथे वाकडी झाल्यासारखी दिसते, म्हणून मी शेवटच्या आठ वाढींमध्ये बाहीची वाढ एकाआड एक गाळते. शिवून केलेल्या स्वेटरमध्ये बाही वेगळी विणत असल्यामुळे तिचे माप आपोआप वेगळे घेतले जायचे. येथे पाठ आणि बाही एकाच फेरीत वाढत असल्याने तिचा हिशेब मुद्दाम वेगळा ठेवावा लागतो.

आकडे तपासायला विणकामावरच्या प्रसिद्ध लेखिका एलिझाबेथ झिमरमन यांचे प्रमाण फार उपयोगी पडते. छातीचे टाके १०० टक्के धरले तर बाहीचा दंडाजवळचा घेर साधारण ३३ ते ३५ टक्के आणि मनगट २० टक्के येते. आपल्या २२० टाक्यांच्या स्वेटरला ७६ म्हणजे साडेचौतीस टक्के आणि मनगटाला ४४. प्रत्येक शरीराला हे प्रमाण तंतोतंत बसत नाही. छाती भरलेली आणि हात बारीक असतील तर बाही मोठी होते आणि उलटही घडते. तरी कागदावरचा आकडा या प्रमाणापासून फार दूर गेला, तर टाके घालण्यापूर्वीच थांबून पुन्हा पाहावे.

गळ्याचे कारण सोपे आहे. मानेचा मागचा भाग कंठापेक्षा उंच असतो. भाग वेगळे विणताना पुढचा गळा आपण खाली उतरवतो, त्यामुळे हा फरक न सांगता साधला जातो. गळ्यापासून सरळ गोल फेऱ्या विणल्या तर पुढची आणि मागची उंची सारखीच राहते आणि पुढचा काठ कंठाला लागतो. त्यावर अर्ध्या ओळींचा उपाय आहे: फेरी पूर्ण न करता पाठीवरून बाहीपर्यंत जाऊन काम उलटायचे, दुसऱ्या बाहीपर्यंत परत यायचे आणि दर वेळी उलटण्याची जागा तीन-चार टाके पुढच्या बाजूला सरकवायची. अशा १० ते १२ ओळींनी पाठ तीन-चार सेंमी उंच होते. या ओळींतही रॅग्लानची वाढ चालू ठेवावी लागते, हे विसरू नये.

उलटण्याच्या जागी भोक पडू नये म्हणून टाक्याला धागा गुंडाळण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल. मला जर्मन रीत अधिक साफ वाटते. काम उलटल्यावर धागा पुढे घ्यावा, पहिला टाका न विणता उलट टाक्यासारखा उजव्या सुईवर घ्यावा आणि धागा सुईवरून मागे ओढावा. धागा इतका ताणला गेला पाहिजे की टाका वर सरकून त्याचे दोन पाय सुईवर दिसतील. पुढे त्या जागी आल्यावर दोन्ही पाय एकत्र घेऊन एकच टाका म्हणून विणावा. मोजताना हा दुपायी टाका एकच धरायचा असतो. तो दोन धरल्यामुळे अनेकांचे टाके अचानक वाढलेले दिसतात. तुमच्या आताच्या स्वेटरचा गळा यानेच सुधारता येईल. गळपट्टी उसवून सुरुवातीच्या काठावरून टाके उचला, मागच्या बाजूला आठ-दहा अर्ध्या ओळी विणा आणि मग गळपट्टी घाला. मागे उंची मिळाली की पुढचा काठ खाली बसतो. छाती मात्र अशी दुरुस्त होत नाही. ओला करून ताणल्यास एखाद-दोन सेंमी मिळतील, त्याहून अधिक हवे असेल तर उसवणे हाच मार्ग आहे.

शिवणीची आणखी दोन कामे उरतात. एकसंध रॅग्लानला खांद्याची शिवण नसल्याने सगळे वजन गळ्याच्या काठावर येते. म्हणून मी गळपट्टीपासून सुरुवात करून तशीच खाली विणत जात नाही. गळ्याला साधे, फार सैल नसलेले टाके घालते, स्वेटर पूर्ण करते आणि शेवटी त्या काठावरून टाके उचलून गळपट्टी विणते. तो उचललेला काठ कापडाच्या आत दोरीसारखा राहतो आणि खांदे ओघळू देत नाही. सुती किंवा जड धाग्याच्या स्वेटरला तर हे केलेच पाहिजे. दुसरे काम बगलेखालचे. शिवण नसलेली नळी, विशेषतः एकपदरी लोकरीची, धुतल्यावर तिरकी फिरते आणि बगलेची रेषा पोटावर येते. त्यासाठी दोन्ही बगलांखाली एकेक टाका शेवटपर्यंत उलट विणावा. त्या खाचेवर कापड नीट दुमडते आणि घडीही सरळ पडते. पिळाचा जोर फार असेल तर एवढ्याने भागत नाही, तेव्हा दोनपदरी किंवा तीनपदरी लोकरच घ्यावी.

दोन रंगांच्या नक्षीबद्दल थोडक्यात सांगते, कारण नक्षी वाचणे तुम्हाला येतेच. फेअर आयल या स्कॉटलंडकडच्या नक्षीच्या पद्धतीत एका फेरीत दोनच रंग असतात आणि न विणलेला धागा मागून जातो. कोणता धागा वरून आणि कोणता खालून न्यायचा हे सुरुवातीला ठरवून शेवटपर्यंत बदलू नये. खालून येणाऱ्या धाग्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि तो रंग उठून दिसतो, म्हणून नक्षीचा रंग खाली आणि जमिनीचा वर ठेवावा. मध्येच अदलाबदल झाली तर लांबून त्या जागी पट्टा उमटलेला दिसतो. मागचा धागा पाच टाक्यांहून लांब जात असेल तर मध्ये एकदा अडकवून घ्यावा. उजव्या सुईवरचे टाके पसरून मगच नवा रंग विणायला घ्यावा. अरुंद बाहीत मागचे धागे हमखास आवळतात. तेव्हा नळी उलटी करून, मागची बाजू बाहेर ठेवून विणावे. विणण्याची क्रिया तीच राहते, फक्त धाग्यांना बाहेरच्या मोठ्या वळणावरून जावे लागते आणि ते आपसूक सैल राहतात. साध्या विणीच्या भागापेक्षा नक्षीच्या भागाला बहुधा अर्धा मिमी जाड सुई लागते, पण ते तुकड्यावरूनच ठरवावे.

आता कात्री. विणलेले कापड कापले की सगळे उसवेल ही भीती टाका कसा उसवतो ते नीट न पाहिल्यामुळे असते. टाका उसवतो तो वर-खाली, आपल्या स्तंभातून. उभा छेद दिला की प्रत्येक ओळीचा धागा तेवढ्यापुरता तुटतो आणि त्याची तोकडी टोके उरतात. ती टोके फक्त आडवी, शेजारच्या टाक्यातून मागे सरकून सुटू शकतात, आणि लोकर खरखरीत असेल तर तीही सहजी सुटत नाहीत. स्कॉटलंडच्या शेटलँड बेटांवर संपूर्ण अंग आणि मुंढे गोल विणून मग कापण्याची रीत रुजली ती तिथल्या लोकरीच्या याच गुणामुळे. आइसलँडची लोपी लोकरही तशीच चिकटते. याउलट सुती धागा, गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक आणि मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर सुटून येते. पहिला प्रयोग या धाग्यांवर करू नका.

कापण्यासाठी विणतानाच पुढच्या मध्यावर पाच जादा टाके घालावेत. याला स्टीक म्हणतात. हे टाके स्वेटरच्या मापात धरत नाहीत. दोन रंगांच्या फेऱ्यांत त्यांवर एकेक रंग आलटून-पालटून विणावा, म्हणजे दोन्ही धागे घट्ट बसतात आणि कापण्याची रेषाही स्पष्ट दिसते. कापण्यापूर्वी दोन्ही बाजू पक्क्या कराव्या लागतात. लोकर खरखरीत असेल तर मी क्रोशाने करते. पाच टाक्यांपैकी मधला तिसरा. प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, त्याला दोन पाय असतात. दुसऱ्या टाक्याचा डावा पाय आणि तिसऱ्याचा उजवा पाय असे शेजारचे दोन पाय क्रोशाच्या सुईवर घेऊन मुका खांब (क्रोशाचा साधा, बुटका टाका) घालावा आणि खालून वर प्रत्येक ओळीत तसेच जावे. मग काम फिरवून वरून खाली येताना तिसऱ्याचा उरलेला पाय आणि चौथ्याचा लगतचा पाय जोडत यावे. या दोन साखळ्या बोटांनी बाजूला केल्या की मधल्या टाक्याच्या दोन पायांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. कात्री फक्त त्या पायऱ्यांवर चालवायची.

मी हे काम दिवसाच्या उजेडात, टेबलावर, लहान टोकदार कात्रीने आणि स्वेटरच्या आत जाड पुठ्ठा घालून करते, म्हणजे पाठीचे टाके कात्रीत येत नाहीत. तीन-चार पायऱ्या कापल्या की साखळ्या आपोआप आतल्या बाजूला वळतात आणि पुढच्या पायऱ्या ताणून समोर येतात. पहिल्या वेळी मी क्रोशाऐवजी शिवणयंत्राची दुहेरी शिलाई मारली होती. घाईत दाबपट्टीचा दाब कमी केला नाही, त्यामुळे कापड पुढे ढकलले जाऊन ताणले गेले आणि पुढचा काठ शेवटपर्यंत लाटांसारखा राहिला. गुळगुळीत धाग्याला यंत्राची शिलाई लागतेच. तेव्हा दाब हलका ठेवावा, टाका बारीक घ्यावा आणि खाली पातळ कागद धरून शिवावे. तो नंतर फाडून काढता येतो.

क्रमाबाबत माझे मत ठाम आहे. एका स्वेटरमध्ये एकच नवी गोष्ट घ्यावी. आधी साध्या एकरंगी रॅग्लानचा हिशेब नव्याने करून तो पुन्हा विणा, कारण त्यात चूक कुठे झाली ते लगेच दिसते. मग नक्षी फक्त गळ्याभोवतीच्या गोलात असलेला, न कापायचा स्वेटर घ्या. कापायचा त्यानंतर. अनुभवी माणसाला हा क्रम संथ वाटतो, परंतु तिन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आणि छाती आवळली, तर दोष गोल विणीचा, मागच्या धाग्यांचा की हिशेबाचा हे सांगता येत नाही.

कात्रीचा सराव मात्र तोपर्यंत थांबवू नका. वर सांगितलेला नमुन्याचा तुकडा खरखरीत लोकरीचा असेल, तर त्याच्या मध्यावर पाच टाके स्टीकचे समजा. धुऊन, वाळवून, मापे लिहून घेतल्यावर क्रोशाच्या दोन साखळ्या घाला आणि कापा. कापलेला काठ आतल्या बाजूला दुमडून त्याला लागून बटणपट्टीसाठी टाके उचलून पाहा. २२ टाके आणि ३० फेऱ्यांच्या कापडाला दर चार फेऱ्यांमागे तीन टाके उचलले की पट्टी सपाट बसते. पट्टी आत ओढली जात असेल तर टाके कमी पडले, लहरत असेल तर जास्त झाले. मग तो तुकडा दोन्ही हातांनी आडवा ओढा, एकदा चुरगळून पुन्हा धुवा आणि कापलेल्या टोकांकडे पाहा. ती एकमेकांत गुंतून चिकटलेली दिसली, तर ती लोकर कापायच्या स्वेटरला चालेल.